जुन्या नाण्याची प्रत आणि पृष्ठदोष यांचे परीक्षण : ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाच्या संदर्भात

सारांश

जुन्या नाण्याचे मूल्यमापन करताना दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. नाणे वापरामुळे किती झिजले, हा पहिला प्रश्न; आणि टाकसाळीतून बाहेर पडल्यानंतर त्याच्या पृष्ठभागावर झिजेव्यतिरिक्त काय घडले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर म्हणजे नाण्याची प्रत, तर दुसऱ्याचे उत्तर म्हणजे पृष्ठदोष. व्यवहारात या दोहोंची गल्लत होते आणि चकाकणारे नाणे उत्तम प्रतीचे मानले जाते. या समजुतीपोटी घरोघरची व संस्थांच्या संग्रहांतील नाणी घासून स्वच्छ केली जातात व त्यांवरील पुरावा कायमचा नष्ट होतो. प्रस्तुत लेखात १८६२ साल असलेल्या चांदीच्या रुपयाचे उदाहरण घेऊन प्रत ठरविण्याची पद्धती, पृष्ठदोष ओळखण्याच्या खुणा आणि महाविद्यालयीन संग्रहासाठी घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : नाणकशास्त्र, प्रतवारी, झीज, मूळ झळाळी, पृष्ठदोष, जतन

१. प्रस्तावना

नाण्याची पारख करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सरकारी खजिन्यात जमा होणारी नाणी पारखून घेणारा अधिकारी म्हणजे पोतदार. हेच पुढे आडनाव म्हणून रूढ झाले. बाजारात सराफ नाण्याचे वजन, धातूचा कस आणि नाद पाहत असे व झिजलेल्या किंवा जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा आकारीत असे. ‘नावाला बट्टा लागणे’ आणि ‘खणखणीत नाणे’ हे आपल्या भाषेतील प्रयोग या व्यवहाराची साक्ष देतात.

तथापि सराफाची पारख आणि नाणकशास्त्राच्या अभ्यासकाची पारख यांत मूलभूत अंतर आहे. सराफाला नाण्यात किती चांदी उरली आहे हे हवे असते, तर अभ्यासकाला त्यावर किती माहिती उरली आहे हे जाणून घ्यायचे असते. सराफाच्या दृष्टीने घासून लख्ख केलेल्या रुपयाचे फारसे काही बिघडत नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो रुपया आपल्या इतिहासाचा एक भाग गमावून बसलेला असतो.

अनेक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत देणगीरूपाने आलेली काही नाणी असतात. विद्यार्थीही घरातील जुनी नाणी उत्सुकतेने दाखवावयास आणतात. अशा वेळी प्राध्यापकाने दिलेला सल्ला त्या नाण्याचे भवितव्य ठरवितो. म्हणून हा विषय केवळ छंदिष्टांचा न राहता अध्यापकांच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) प्रत व पृष्ठदोष या संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
२) झीज आणि कमजोर ठसा यांतील फरक ओळखण्याची पद्धती मांडणे.
३) स्वच्छता, रासायनिक प्रक्रिया, जडणघडण इत्यादींमुळे निर्माण होणाऱ्या दोषांच्या खुणा सांगणे.
४) महाविद्यालयीन संग्रहातील नाण्यांच्या नोंदी व जतन यांविषयी व्यवहार्य सूचना करणे.

३. अभ्यासासाठी निवडलेले नाणे

१८३५ च्या कायदा क्रमांक १७ अन्वये कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकसमान रुपया निश्चित केला. त्याचे वजन १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम होते व त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी होती. हे प्रमाण विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाअखेर टिकून राहिले. १९४० मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. प्रमाणित वजन व प्रमाणित कस एक शतकाहून अधिक काळ स्थिर राहिल्यामुळे परीक्षणाचे शिक्षण घेण्यास हा रुपया अत्यंत सोयीचा आहे.

यांपैकी राणी व्हिक्टोरियाचा मुकुटधारी अर्धपुतळा असलेला १८६२ सालचा रुपया येथे उदाहरणादाखल घेतला आहे. या नाण्याचे वैशिष्ट्य असे की, १८७३ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ हेच साल कायम राहिले. प्रत्यक्ष साल घालण्यास १८७४ पासून प्रारंभ झाला. मुंबई टाकसाळीच्या रुपयांवर मागील बाजूस वेगवेगळ्या संख्येने बारीक ठिपके आढळतात आणि अभ्यासक त्यांचा संबंध नाणे प्रत्यक्ष पाडल्याच्या वर्षाशी जोडतात. म्हणजेच १८६२ असे लिहिलेला एखादा रुपया त्यानंतर अनेक वर्षांनी पाडलेला असू शकतो आणि ते सांगणारा पुरावा टाचणीच्या डोक्याहूनही लहान असतो. जोरकस घासण्यात नेमका हाच पुरावा पुसट होतो.

४. प्रतवारीची परिमाणे

प्रतवारीच्या दोन परंपरा आज प्रचलित आहेत. ब्रिटिश परंपरेत फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन व अनसर्क्युलेटेड अशा शब्दांनी प्रत सांगितली जाते. अमेरिकन परंपरेत याच शब्दांना १ ते ७० या अंकांची जोड दिली जाते. ही अंकश्रेणी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडली. ७० प्रतीच्या नाण्याची किंमत १ प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट असावी, असा तिचा मूळ हिशेब होता. किमतीचा तो हिशेब कालबाह्य झाला, परंतु अंक मात्र टिकून राहिले. १९८० च्या दशकात अमेरिकेत मोबदला घेऊन नाण्याची प्रत ठरविणाऱ्या व ते बंद पेटिकेत घालून देणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या आणि या श्रेणीचा जगभर प्रसार झाला. या दोन परंपरांत एकाच शब्दाचा अर्थ काटेकोरपणे सारखा नसतो. ब्रिटिश शब्द सामान्यतः अधिक कठोरपणे वापरले जातात. म्हणून प्रत नोंदविताना कोणती परंपरा अनुसरली आहे हे लिहिणे आवश्यक ठरते.

१८६२ च्या रुपयावर झीज प्रथम सर्वांत उंच भागांवर दिसू लागते. मुकुटाचा वरचा भाग, भुवईच्या वरचे व कानाजवळचे केस, गाल आणि वस्त्रावरील नक्षीचा खांद्याजवळचा भाग ही ती स्थाने होत. यांच्या निरीक्षणावरून प्रती ढोबळमानाने पुढीलप्रमाणे सांगता येतात.

गुड (४) : आकृतीची बाह्यरेषा व अक्षरे वाचता येतात, आतील तपशील गेलेला असतो.
फाइन (१२) : मुख्य अवयव स्पष्ट असतात, मात्र केसांच्या बटा एकमेकींत मिसळलेल्या व वस्त्राची नक्षी अर्धीअधिक सपाट झालेली असते.
व्हेरी फाइन (२०) : बहुतेक तपशील शिल्लक असतो, केवळ उंच भाग सपाट झालेले असतात.
एक्स्ट्रीमली फाइन (४०) : सर्वांत उंच बिंदूंवरच हलकी झीज असते, अक्षरांच्या आडोशाला मूळ झळाळीचे अंश दिसतात.
अबाउट अनसर्क्युलेटेड (५०) : उंच भागांवर घर्षणाची केवळ चाहूल असते, झळाळी बव्हंशी टिकून असते.
अनसर्क्युलेटेड (६० ते ७०) : वापराची झीज मुळीच नसते.

शेवटच्या वर्गाविषयी एक गैरसमज आढळतो. अनसर्क्युलेटेड म्हणजे निष्कलंक नव्हे. टाकसाळीतून नाणी थैल्यांत भरून जात असत आणि त्यात ती एकमेकांवर आपटून बारीक खोचा पडत. ६० ते ७० या दरम्यानचे अंक या खोचांची संख्या व स्थान, ठशाचा जोर आणि झळाळीची प्रत यांवर ठरतात.

५. झीज की कमजोर ठसा ?

नाण्यावरील एखादा भाग सपाट दिसला की तो झिजला आहे असे मानण्याकडे कल असतो. वस्तुतः साचे पुरेशा जोराने न मिटल्यास किंवा साचाच जुना झालेला असल्यास नवे कोरे नाणेही पुसट निघते. हा भेद ओळखण्यासाठी झळाळीचे स्वरूप समजून घ्यावे लागते.

धातूची चकती दोन साच्यांमध्ये दाबली जाते तेव्हा धातू मध्याकडून कडेकडे सरकतो. या सरकण्यामुळे पृष्ठभागावर अतिसूक्ष्म अरीय रेषा उमटतात. त्यांवरून प्रकाश परावर्तित झाल्याने नाणे तिरपे करून फिरविताच चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे पृष्ठभागावर फिरताना दिसतात. हीच मूळ झळाळी होय. कमजोर ठशाच्या भागावरही हे पट्टे खंड न पडता फिरतात. झिजलेल्या भागावर मात्र ते तुटतात आणि तेथे मंद राखाडी छटा दिसते.

वजनाचा पुरावा या निरीक्षणाला पूरक ठरतो. समजा, एका रुपयाचे वजन ११.३० ग्रॅम भरले. प्रमाणित वजनाच्या तुलनेत ही सुमारे ३ टक्के घट होय. असे नाणे चांगले झिजलेले दिसले तर त्यात विसंगती नाही. परंतु ते एक्स्ट्रीमली फाइन दिसत असेल, तर कानस लावणे, आम्लप्रक्रिया किंवा बनावट यांपैकी कशाची तरी शंका घेतली पाहिजे. याउलट नाणे पुसट असूनही वजन जवळजवळ पूर्ण भरत असेल, तर कमजोर ठशाची शक्यता अधिक असते. दिसणे आणि वजन यांची संगती लागते का, हा परीक्षकाचा नेहमीचा प्रश्न असला पाहिजे.

६. पृष्ठदोषांचे स्वरूप

६.१ घासून स्वच्छ करणे

भारतीय रुपयांच्या बाबतीत हा सर्वाधिक आढळणारा दोष आहे. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनासाठी घरातील चांदीची नाणी बाहेर काढली जातात व चिंच, लिंबू, राख किंवा रांगोळीने घासून उजळली जातात. श्रद्धेच्या दृष्टीने ही कृती स्वाभाविक आहे. परंतु राख व रांगोळी यांतील कठीण कण चांदीवर ओरखडे काढतात. दरवर्षी हा क्रम चालू राहिल्यास आकृतीचा उठाव कमी होतो, शिवाय मूळ झळाळी पहिल्या काही खेपांतच नाहीशी होते.

एका दिव्याखाली नाणे तिरपे धरून हळूहळू फिरविल्यास केसासारखे बारीक ओरखडे एका दिशेने किंवा वर्तुळाकार गेलेले दिसतात. मोकळा भाग उजळ, तर अक्षरांच्या कोपऱ्यांत काळसर मळ, असे विसंगत दृश्य ही दुसरी खूण होय.

येथे एका सावधगिरीची गरज आहे. टाकसाळीत साचे घासून पुसून घेतले जात व त्या ओरखड्यांच्या रेषाही नाण्यावर उमटत. मात्र साच्यातील खोल ओरखडा नाण्यावर उंच रेषा होऊन उमटतो. तसेच साच्यात नाण्याचा मोकळा भाग सर्वांत वर असतो, त्यामुळे घासण्याचा परिणाम त्याच भागावर होतो. परिणामी अशा रेषा उंच असतात व आकृतीच्या कडेशी थांबतात. नंतरच्या घासण्याचे ओरखडे खोलगट असतात आणि मोकळ्या भागावरून थेट आकृतीवर चढतात. दहापट भिंगातून हा फरक दिसू शकतो आणि एका निर्दोष नाण्यावर होणारा अन्याय टळतो.

६.२ रासायनिक द्रावणात बुडविणे

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. चांदीच्या पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइडचा थर जमतो. तो पातळ असताना प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे प्रथम पिवळसर, नंतर तांबूस-जांभळा व निळा असे रंग दिसतात आणि थर जाड झाल्यावर काळेपणा येतो. बाजारातील आम्लयुक्त थायोयुरियाची द्रावणे हा थर विरघळवितात. परंतु थरात गेलेली चांदी मूळ पृष्ठभागाचीच असल्याने तीही त्याबरोबर जाते. वारंवार बुडविलेल्या नाण्यावरील सूक्ष्म रेषा नष्ट होतात व ते पांढुरके, निर्जीव दिसू लागते. ॲल्युमिनियमचा कागद व खाण्याचा सोडा यांचा घरगुती प्रयोग सल्फाइडचे पुन्हा चांदीत रूपांतर करतो हे रसायनशास्त्रदृष्ट्या खरे आहे. तथापि त्यामुळे गेलेली झळाळी परत येत नाही.

म्हणून समतोल, नैसर्गिक काळेपणा हा दोष मानला जात नाही. उलट तो पृष्ठभाग अस्पर्शित असल्याचा एक पुरावा असतो. बाजारात कृत्रिम रंग चढविलेली नाणीही मिळतात. त्यांवरील रंग भडक असतात, वर सांगितलेल्या क्रमाने एकातून दुसऱ्यात मिसळत नाहीत आणि अनेकदा घासल्याच्या ओरखड्यांवर चढलेले दिसतात.

६.३ दागिन्यांत वापर, छिद्रे व डाग

रुपये गळ्यातील माळेत ओवण्याची चाल सर्वत्र होती. त्यासाठी नाण्याला छिद्र पाडले जाई किंवा कडी जोडली जाई. पुढे कडी काढून ती जागा कानशीने सारखी केली जाते. यासाठी आकृतीबरोबरच दंतुर कड पूर्ण वर्तुळभर तपासावी. साधारण बाराच्या काट्याच्या जागी दाते बुजलेले असणे, तेथे डागाच्या धातूचा वेगळा रंग दिसणे किंवा कडेची जाडी बदललेली असणे ही कडीची चिन्हे होत. बुजविलेल्या छिद्राच्या जागी अक्षरे पुन्हा कोरलेली असल्यास त्यांचे वळण शेजारच्या अक्षरांशी जुळत नाही.

६.४ सराफी खुणा

मोगल, मराठा आणि सुरत टाकसाळीच्या रुपयांवर सराफांनी ठोकलेल्या बारीक खुणा आढळतात. बाजाराच्या दृष्टीने त्या दोष ठरतात व किंमत कमी करतात. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र ते नाणे चलनात होते आणि कसाच्या परीक्षेतून गेले होते, याचे ते प्रमाणपत्र होय. पृष्ठदोष हा शब्द बाजाराचा आहे, इतिहासाचा नाही, हे येथे स्पष्ट होते.

६.५ साठवणुकीतील दोष

मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतील प्लास्टिक मऊ ठेवणारे पदार्थ कालांतराने झिरपतात व नाण्यावर हिरवट, चिकट थर आणतात. रबर, लोकर व साधा पुठ्ठा यांतून बाहेर पडणारी गंधकयुक्त द्रव्ये काळेपणा वाढवितात. कोकणातील व मुंबईतील पावसाळी दमटपणा या सर्व क्रिया वेगाने घडवून आणतो.

७. हाताने पाडलेली नाणी : एक अपवाद

वरील कसोट्या यंत्राने पाडलेल्या नाण्यांसाठी आहेत. त्या जशाच्या तशा शिवराईला लावणे अयोग्य होय. शिवराई हाताने पाडली जात असे आणि चकती पुष्कळदा साच्याहून लहान असे. त्यामुळे पुढील बाजूवरील ‘श्री राजा शिव’ व मागील ‘छत्रपति’ यांतील काही अक्षरे चकतीबाहेर जातात. ही झीज नव्हे आणि दोषही नव्हे. अशा नाण्याच्या बाबतीत किती अक्षरे चकतीवर आली आणि आलेली अक्षरे किती झिजली, हे वेगवेगळे नोंदवावे.

तांब्याच्या नाण्यावरील घट्ट, गुळगुळीत तपकिरी वा हिरवा थर संरक्षक असतो व तो काढू नये. परंतु फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटे दिसत असतील तर ती क्लोराइडमुळे होणारी व दमट हवेत पसरत जाणारी विकृती असू शकते. असे नाणे तत्काळ वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे व जतनतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

८. अस्सलपणाची प्राथमिक तपासणी

प्रत ठरविण्यापूर्वी नाणे अस्सल आहे याची खात्री हवी. नाद पाहण्यासाठी नाणे फरशीवर टाकण्याची जुनी रीत कडेला इजा करते, म्हणून ती टाळावी. भौतिकशास्त्र विभागात सहज होऊ शकणारी विशिष्ट घनतेची चाचणी अधिक विश्वसनीय आहे. नाणे हवेत व नंतर दोऱ्याने पाण्यात टांगून वजन करावे. हवेतील वजन ११.६० ग्रॅम व पाण्यातील घट १.१२ ग्रॅम असल्यास भागाकार सुमारे १०.३६ येतो. अकरा-बारांश चांदी व उर्वरित तांबे असलेल्या मिश्रणाची घनता सुमारे १०.३ असते. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या नाण्याची घनता ९ च्या आसपास भरते. मात्र अपेक्षित घनता भरली म्हणजे नाणे अस्सल ठरले असे नाही. ही चाचणी खोटे वगळते, खरे सिद्ध करीत नाही. ओतीव बनावट नाण्यावर बारीक छिद्रे, साबणासारखी गुळगुळीत अक्षरे व कडेवर जोडाची रेषा दिसू शकते. क्ष-किरण प्रस्फुरण यंत्र धातूचे प्रमाण नाण्याला इजा न करता सांगते, परंतु ते केवळ पृष्ठालगतच्या थराचे मापन करते, हे विसरता कामा नये.

९. महाविद्यालयीन संग्रहासाठी सूचना

१) नाणे नेहमी कडेने धरावे व खाली मऊ कापड पसरावे.
२) नोंदीत वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास, कडेचे स्वरूप, टाकसाळचिन्हे, प्रत आणि पृष्ठदोष यांचे स्वतंत्र रकाने असावेत. नमुन्यादाखल : ‘रुपया, १८६२; ११.५२ ग्रॅम, प्रत : व्हेरी फाइन, अमेरिकन परंपरा, पृष्ठदोष : घासलेले, कडीची जागा भरलेली’. केवळ ‘व्हेरी फाइन’ एवढीच नोंद अर्धसत्य ठरते.
३) दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे घ्यावीत.
४) प्रदर्शनासाठी नाणी उजळू नयेत. पीव्हीसीचा चिकट थर आढळल्यास रसायनशास्त्र विभागाच्या देखरेखीखाली शुद्ध ॲसिटोनमध्ये न चोळता बुडवावे. ॲसिटोन ज्वलनशील असल्याने ज्योतीपासून दूर राहावे.
५) पॉलिएस्टरची पाकिटे किंवा आम्लरहित कागद वापरावा व पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल ठेवावे.
६) विद्यार्थ्याने शेतात सापडलेली नाणी आणल्यास ती न धुता ठेवावीत. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. तसेच शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात व खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत.
७) पूजेसाठी घरातील एकच नाणे राखून ठेवावे आणि इतर नाणी न घासता जपावीत, असा सल्ला विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांना देता येईल. यात श्रद्धा व संशोधन या दोहोंचा मान राहतो.

१०. निष्कर्ष

प्रत ही झिजेची मोजणी आहे आणि पृष्ठदोष हा नाण्यावर पुढे काय घडले याचा वृत्तांत आहे. या दोहोंची नोंद स्वतंत्रपणे केल्याशिवाय नाण्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. झीज, झळाळी, वजन व कड यांचे पुरावे परस्परांशी ताडून पाहिल्यास भिंग, तराजू व एक दिवा एवढ्या साधनांनिशी पुष्कळसे निर्णय विश्वसनीयरीत्या घेता येतात. इतिहास, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावयाचा हा सोपा व उपयुक्त उपक्रम आहे.

मळलेले नाणे आज ना उद्या योग्य हातांनी स्वच्छ करता येते, परंतु घासलेले नाणे पुन्हा पूर्ववत करण्याचा कोणताही उपाय उपलब्ध नाही. म्हणून संशय असेल तेथे नाण्याला हात न लावणे हाच परीक्षणाचा पहिला व शेवटचा नियम मानणे इष्ट होय.